काजळी न लागलेली चूल

गावात संस्थेची गाडी शिरली की मामा आधी टोपी बदलायचे. कडक इस्त्रीची ती टोपी खुंटीला वेगळी ठेवलेली असायची. मग खुर्च्या ओसरीवर आणायच्या आणि पाहुणा टेकायच्या आत सांगून मोकळं व्हायचं, "लई फरक पडला, साहेब!"

कशानं पडला, हे विचारायच्या भानगडीत ते पडत नसत. संस्थेनं दिलेली पाण्यात टाकायच्या थेंबांची बाटली उघडलेली नसायची, मच्छरदाणीखाली कोंबडीची पिल्लं झाकलेली, आणि मामांना फरक मात्र पडलेला. असा एखादा तुमच्याही गावात असणारच. आमच्या येडशीकडं तर असल्यांचं पीकच येतं.

मी त्यांची शेजारीण, नात्यानं सुनेसारखी, म्हणून मामा म्हणायचं. संस्थेसाठी घरोघर जाऊन विचारपूस करायचं काम माझं. त्या कामात या माणसानं माझं जेवढं डोकं उठवलं, तेवढं कुणी उठवलं नसेल.

एकदा संस्थेनं काही घरांना कमी धुराची चूल दिली. बायांचा खोकला, दम त्यानं कमी होतो का, एवढंच बघायचं होतं. मामांनी चुलीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि ती ओसरीच्या कोपऱ्यात मांडून ठेवली. मामी भाकरी करायची मागच्या पत्र्याखाली, जुन्याच चुलीवर, फुंकून फुंकून. घरात गॅसही होता. पण गॅसवरची भाकरी मामांच्या घशाखाली उतरत नव्हती.

"मामा, मामीला नवी चूल वापरू द्या की."

"आन काळी पडली तर? साहेब आल्यावर त्यांला काय दावू, तुझं तोंड?"

घ्या! बायकोची छाती काळी पडलेली चालते.

मोठे साहेब आले. त्यांनी चुलीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. "बघा, काजळीसुद्धा नाही!" अहो, पेटवलीच नाही तर काजळी काय आभाळातून पडणार? मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "ताई, घरचा माणूस सांगतोय ना." तेव्हा आत मामी तोंडात पदर कोंबून बसली होती. पाहुण्यांपुढं खोकली तर नवऱ्याची शोभा व्हायची.

पुढं पुढं तिला हंडा उचलवेना. नळावरून येताना मध्येच कुणाच्या तरी पायरीवर बसायची. ज्यांचा खोकला हटत नव्हता त्या बायांना धाराशिवच्या दवाखान्यात छाती तपासायला न्यायचं ठरलं, त्यात मामी नव्हती. तिला फरक पडला होता ना! मी मामांशी भांडले.

"मामा, जीव जाईल तिचा."

"वयानं व्हतंय ते. आन आपल्याच घरात आजार निघाला तर चुलीचं नाव खराब न्हाय का व्हणार? साहेब लांबून येतेत."

चुलीच्या अब्रूची काळजी! खोटं कशाला बोलू, हेच मामा बाजारातून तिच्यासाठी न चुकता खडीसाखर आणायचे. "घशाला बरी असती," म्हणायचे. म्हणजे खोकला कानावर पडत होता. माझा खरा संताप तिथं होता.

बायांना दवाखान्यात न्यायला जीप आली त्या सकाळी साहेबांबरोबर बाहेरचे पाहुणेही होते. मामांना तर आभाळ ठेंगणं झालं.

"हिचा खोकला पार गेला, साहेब. तिलाच इचारा की. अगं ए, भाईर ये!"

मामी बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. ओसरीवर थांबलीच नाही. सरळ जीपपाशी गेली, दार धरलं आणि दम खात उभी राहिली.

"आजी, बरं वाटतंय ना आता?" साहेबांनी विचारलं.

"बरं ह्यांला वाटतंय," मामी म्हणाली. "मला दवाखान्यात न्या."

ओसरीवर मामा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घालून ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

मामीला चढवेना, मी मागून आधार दिला. सोबतच्या माणसासाठी तिच्या शेजारी जागा होती. मी मामांकडं बघितलं. मामीनंही बघितलं.

"व्हा तुमी म्होरं," मामा म्हणाले. "पाहुण्यांचा च्या ऱ्हायलाय."

त्या जागेवर मी बसले.