उजवीकडे माणूस, डावीकडे मशीन

"मावशी, हे काय शिवलंत?" सरांनी ड्रेस हातात धरून विचारलं. बाहेर टेम्पो उभा होता. संध्याकाळी नगरला एकांकिका स्पर्धा होती.

श्रीगोंद्यात माझी ड्रेपरी आहे. म्हणजे नाटकाचे कपडे शिवून भाड्याने देणारं दुकान. कॉलेजातल्या या सरांची ऑर्डर होती सायबॉर्ग. ते काय असतं, विचारलं तर म्हणाले, अर्धा माणूस, अर्धं मशीन. मी अर्धनारीनटेश्वराचा शिवते तसा शिवला. मधोमध उभी शिवण. उजवीकडे सदरा-धोतर, डावीकडे चंदेरी कापड, वायरी, नटबोल्ट.

"असं नसतं हो. माणूस कुठं संपतो, मशीन कुठं सुरू होतं, तेच कळता कामा नये."

"मग शिवण कुठं घालू?"

सर बरंच बोलले. माणसाच्या पुढचा माणूस वगैरे. मला काही कळलं नाही.

मग सरांनी ड्रेस संतोषला दिला, सायबॉर्ग तोच होणार होता. तो घालून आला. तो साखर कारखान्यात फिटर. मापं सरांनी मोबाईलवर पाठवली होती, म्हणून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. धोतराखाली उजवा पाय रबरी. गुडघ्याखाली बसवलेला. फुल पँटीत सरांनाही कधी दिसला नव्हता. ते एकदम खूश झाले.

"अरे, खरं मशीन इकडं आहे! मावशी, बाजू बदला. चंदेरी उजवीकडे घ्या. पायावर लाईट मारू."

संतोष खुर्चीत बसला. "मंग दुसरा गडी बघा, सर."

"का रे?"

"मशिनी कारखान्यात हायेत. ह्यो माझा पाय हाय."

"मग लपवलास कशाला?"

"लपवला न्हाई. तुमी इचारलं न्हाई."

"मावशी, उसवा," सर म्हणाले.

मी कात्री घेतली. धंद्यात ऑर्डर देणाऱ्याचं ऐकायचं असतं. फिटिंग मात्र घालणाऱ्याचं. आता कुणाचं ऐकू?

"संतोष, तुझी माणसाची बाजू कुठली?"

त्याने रबरी पायावर थाप मारली. "हीच. डावीचं काय करायचं ते करा."

मी कात्री ठेवली. सरांकडे दुसरा गडी नव्हता. ड्रेस तसाच गेला, टेम्पोत मीही बसले.

नाटक झालं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने संतोषला देव समजून हात जोडले. परीक्षकांनी सरांना विचारलं, यात मशीन कोण होतं? बक्षीस मिळालं नाही.

परतताना सर म्हणाले, "मावशी, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदूचं भिंग आहे ना? मग तुम्हीपण सायबॉर्गच."

"मावशी, तुमचा ड्रेस कोन शिवनार?" संतोष हसला.

शिवण कुठून घालायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मापं मात्र आता मोबाईलवर घेत नाही. घालणाऱ्याला दुकानात बोलावते आणि आधी त्यालाच विचारते.