घरच्या डिमरचा नारळ

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिच्यापासून मला तंबाखूची पुडी कधी लपवता आली नाही — पण हे लपलं. वर्षानुवर्षं लपलं.

आधी डिमरबद्दल सांगतो. म्हणजे बघा, अजूनही मी आडवळणानंच येतोय.

पनवेलमधला आमचा हौशी नाट्यसंघ. मी तळोज्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला, त्यामुळे संघातली वायर न् वायर माझ्याकडे. स्टेजवरचा प्रकाश हळूहळू कमी-जास्त करायला डिमर लागतो. दर वेळी भाड्यानं आणणं परवडेना, तेव्हा म्हटलं, मीच बनवतो. पत्र्याचा डबा, आत सर्किट, पुढे पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गोल बटणं. आत गरम होऊ नये म्हणून झाकणाला वरून भोकं पाडली. किती मिरवला मी तो डबा! पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

लाइट चालवायचा हरेश, माझा मित्र. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवून थेट तालमीला यायचा. डोळे लाल, अंगाला डिझेलचा वास, पण बटणावरचा हात इतका हलका, की स्टेजवर संध्याकाळ कधी झाली ते प्रेक्षकांना कळायचंसुद्धा नाही.

नाट्यस्पर्धेच्या दिवशी, प्रयोगाआधी, मी नव्या डिमरची पूजा केली. आपल्याकडे गाडी घेतली, मशीन आणलं की करतात तशीच — हळदकुंकू, फूल, नारळ. आणि नारळाचं पाणी? ते मी डब्यावर शिंपडलं. चांगलं सढळ हातानं. भोकं माझी, पाणीही माझंच. हरेश तेव्हा शिडीवर चढून दिवे बांधत होता.

नाटकाच्या शेवटी म्हातारी मरते आणि प्रकाश विझत विझत अंधार होतो. त्या दिवशी तो विझला नाही. उलट भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. पडदा नव्हता — अंधार हाच आमचा पडदा. बिचारी म्हातारी मरून मरून किती वेळ पडणार? शेवटी उठली, पदर सावरला आणि चालत विंगेत गेली. अख्खं थिएटर खदाखदा हसलं.

विंगेत सगळे हरेशवर तुटून पडले. तो बटणाकडे बोट दाखवून म्हणत होता, “शून्यावर हाय का नाय, बगा तुमीच!” होतं. बटण शून्यावर आणि दिवा पूर्ण — म्हणजे बिघाड डब्यात. हे मला त्याच क्षणी कळलं. म्हणून तर सांगतोय. दिग्दर्शकानं मला विचारलं, डबा ठीक आहे ना? आणि मी म्हणालो, “डबा ठीक आहे. हरेशनं आधी उलटं फिरवलं असेल, आता आणलंय शून्यावर.”

हरेशनं माझ्याकडे पाहिलं. भांडला नाही. पुन्हा तालमीलाही आला नाही.

घरी येऊन डबा उघडला, तर सर्किटवर चिकट थर आणि त्यात हळदीचा पिवळा डाग. मी तो पुसला, जळलेला भाग बदलला. डिमर पुढे छान चालला. लोक कौतुक करायचे, मी करून घ्यायचो. भित्रा होतो का? होतो. पण त्याहून वाईट म्हणजे, मित्रापेक्षा मला ते कौतुक प्यारं होतं.

परवा उलव्याला हरेशच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. तो म्हणाला, “मना काय सांगतोस? मना म्हायतीच हाय. माज्या आयला सांग.”

त्या दिवशी त्याची आई प्रेक्षकांत होती. मुलगा रोज रात्री कुठे जातो, काय करतो, ते बघायला पहिल्यांदाच आली होती. सगळे हसले, तेव्हा ती तिथेच बसलेली होती. हे मला परवा त्याच्याकडूनच कळलं.

ओटीवर ती वाल सोलत होती. मी समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं — भोकं, नारळ, माझं ते वाक्य. बोलता बोलता छातीतलं काहीतरी सुटत गेलं. लाज होतीच, पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिचे हात थांबले. तिनं हरेशकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हंजे माज्या पोराचं चुकलं नवतं?”

नाही, मी म्हणालो. त्याचं बटण शून्यावर होतं.