विहीणबाईंची खिंड

आमच्या विहीणबाईंइतकी चौकस बाई अख्ख्या नागपुरात दुसरी सापडणार नाही, हे मी नंदनवनातल्या माझ्या घराच्या पायरीवर बसून छातीठोकपणे सांगते. उद्या यमाचा दूत दारात उभा राहिला तरी त्या त्याला आधी खुर्ची देतील, पाणी देतील आणि मग विचारतील, "याच्या आंधी कोणाले न्यायले गेले होते आन रिकाम्या हातानं वापस आले, ते सांगा. त्यायचा पत्ता द्या मले." कारण त्यांचं एक ठाम मत आहे. ज्याचं काम फत्ते झालं त्याला काही विचारू नये. तो आपल्याच खुशीत असतो, त्याला काय दिसणार? ज्याचं काम फिसकटलं त्याला गाठावं, चहा पाजावा आणि तपशिलात शिरावं.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. राहतात मनीषनगरला, चौथ्या मजल्यावर. त्यांच्या या मताची ओळख मला लेकीच्या लग्नाआधीच झाली. लोक सोयरीक करताना मुलीच्या काका-मामांकडे चौकशी करतात. या बाई थेट आमच्या समोरच्या घरात शिरल्या, ज्या घराशी नळाच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं! मी पडद्याआडून पाहते आहे. लेकीचं स्थळ गेलं म्हणून मी देवापुढे दिवासुद्धा लावायला उठले नाही. तासाभराने बाई बाहेर आल्या, रस्ता ओलांडला आणि आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पक्कं समजा ताई. त्यायनं तुमच्याबद्दल घंटाभर वाईट सांगितलं, पण पोरीबद्दल एक वाकडा शब्द नाही सापडला त्यायले. भांडलेला माणूस खरं सांगते." मी डोळे पुसते आहे तोवर हळूच पुढे म्हणाल्या, "तुम्ही पाणी जरा जास्तच भरता म्हणे."

अशा बाईंनी साठी ओलांडल्यावर हिमालयात पायी जायचं काढलं. देवदर्शनाला नव्हे, घोड्यावर बसून नव्हे. पाठीवर पिशवी बांधून, तंबूत राहून, बर्फातून. मी विचारलं, "बाप्पा! काहून पण?" तर म्हणाल्या, "ताई, आपल्या नागपुरात कुठीबी उभं राहा, समोरचं सारंच दिसते. सपाट. लपलेलं असं काही नसतेच. मले एक डाव खिंडीत उभं राहून पाहाचं आहे, पलीकडं काय असते ते." गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगून टाकलं, जायचं तर यंदा जा, पुढच्या वर्षी तुम्ही डोंगरावर नाही, माझ्या टेबलावर असाल. म्हणजे जे काय ते एकदाच. मग काय विचारता! बाई तयारीला लागल्या.

तयारी म्हणजे कशी, तर पाठीवर तूरडाळीची पोती घेऊन चार मजले चढायचे आणि उतरायचे. लिफ्टमधल्या माणसांना वाटायचं यांच्या घरी काहीतरी कार्य आहे. थंडीचा सराव तर भर मे महिन्यात. बाहेर डांबर वितळतंय आणि या हॉलमध्ये कूलरच्या तोंडाशी पाट मांडून, लोकरी टोपी, जाकीट, हातमोजे घालून बसलेल्या. कूलर फुल्ल. हातमोज्यांनी चेन लावायची, उघडायची, नाडी बांधायची, सोडायची. एकदा मी गेले तेव्हा हातमोज्यांनीच पोळी-भाजी खाऊन राहिल्या होत्या. आमचे व्याही म्हणजे अबोल माणूस. ते बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होते आणि मधूनच आणखी बर्फ टाकत होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "मलेच सर्दी झाली."

बुटांचं तर विचारूच नका. डोंगरातले ते जाडजूड बूट आधी पायात मुरवावे लागतात म्हणे, नाहीतर फोड येतात. म्हणून बाई दूध आणायला बूट, मंदिरात बूट, आणि महाल भागातल्या एका लग्नाला शालूखालीसुद्धा बूट! स्टेजवर अक्षता टाकायला जाताना काढून ठेवले. इकडे करवल्या नवरदेवाचे जोडे पळवायला टपलेल्याच होत्या. गर्दीत त्यांना एवढे मोठे, एवढे महागडे दिसणारे जोडे दिसले. नवरदेवाचेच असणार म्हणून पोरींनी ते लंपास केले. नवरदेवाचे बिचारे चपटे जोडे तसेच पडून राहिले. पोरी हट्टाला पेटल्या, नवरदेव म्हणतो हे माझे नव्हेतच, आणि विहीणबाई अनवाणी पायांनी मांडवभर फिरून ओरडत आहेत, "अवं पोरीयो, त्याचे मंग पळवजा! माह्ये आंधी वापस करा, महिनाभर लागला पायाचे व्हायले!" माझा जावई खांबामागे लपला होता.

पण खरी मजा वाट निवडण्याची. वाटा दोन होत्या. एक तळ्यापर्यंत जाणारी. तळं पाहायचं आणि गेलो त्याच वाटेने परत यायचं, सोपी, जावयाच्या पसंतीची. दुसरी अवघड, जिथं झाडंसुद्धा वर यायचं सोडून देतात तिथून पुढे जाऊन खिंड ओलांडणारी. दुसऱ्या कोणी नकाशे पाहिले असते, चढून आलेल्यांचे फोटो पाहिले असते. विहीणबाईंनी दोन्ही वाटांवरून अर्ध्यातून परतलेली माणसं शोधायला सुरुवात केली! कोणाच्या भाच्याची मैत्रीण, कोणाचे बँकेतले साहेब, आमच्याच नंदनवनातलं एक नवीन जोडपं. त्या जोडप्याकडे मीही सोबत गेले होते, मला राहवेना. नेहमीचे प्रश्न झाले. डोकं कधी दुखलं, भूक कधी गेली, वाटाड्या काय म्हणाला. आणि शेवटी विहीणबाईंचा ठरलेला प्रश्न, "वापस फिरताना शेवटचं मागं वळून पाहिलं तवा काय दिसलं?"

तळ्याच्या वाटेवरून परतलेली माणसं या प्रश्नाला फटाफट उत्तर द्यायची. गर्दी फार होती, संडासाची सोय नव्हती, खिचडी कच्ची होती. खिंडीच्या वाटेवरून परतलेल्यांचं निराळं. बँकेतले साहेब, विहीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे, बडबडे गृहस्थ. उंचावरची विरळ हवा बाधली की भूक कशी आधी जाते आणि मग खाली पाठवतील या भीतीने माणूस वाटाड्याशी कसा खोटं बोलायला लागतो, हे त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. पण हा प्रश्न आला आणि चष्मा पुसत बसले. भाच्याची मैत्रीण खिडकीबाहेर बघायला लागली आणि मग म्हणाली, "कुणाचा तरी लाल मोजा वाळत होता तंबूवर." आमच्या नंदनवनातलं जोडपं तोवर प्रत्येक गोष्टीवर भांडत होतं, तेही या प्रश्नाला एकदम थांबलं आणि एकमेकांकडे पाहायला लागलं.

बाहेर रिक्षा पाहता पाहता विहीणबाई म्हणाल्या, "ठरलं ताई. ज्या वाटेवरून वापस आलेला माणूस चूप होते, तेच वाट आपली." वाट निवडायची ही रीत मी तरी दुसऱ्या कोणाची ऐकली नाही. जावयाने हे ऐकून कपाळाला हात लावला.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांची एक सवय सांगायची राहिली. आपल्याकडे माणूस निरोप घेतो तो दारात एकदा, फाटकात एकदा आणि रस्त्यावरून पुन्हा एकदा. विहीणबाईंचं तसं नाही. "येते" म्हटलं की तरातरा चालायला लागतात आणि मागं वळून पाहत नाहीत. मी मात्र त्या गल्लीचं वळण घेईपर्यंत उभी असते. त्या दिवशीही तशीच उभी राहिले. एवढीशी बाई, तेवढे मोठे बूट. मनात आलं, दिसू दे बाप्पा हिला एकदाचं ते पलीकडचं.

परत आल्या त्या नाकाची सालं निघालेल्या, रापलेल्या. जावयाने हौसेने डोंगराच्या आकाराचा केक आणला होता, वर साखरेचा झेंडा. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "केक कापा, पण मी खिंडीत पोचली नाही." व्याह्यांनी झेंडा उचलून खाऊन टाकला.

चार दिवसांनी माझ्याकडे आल्या. मी तर्री-पोहे केले होते. खाता खाता सांगायला लागल्या. शेवटच्या मुक्कामापर्यंत सगळं झकास. पायाला एक फोड नाही, गुडघा कुरकुरला नाही, थंडी म्हणाल तर कूलरपुढे काहीच नाही. "पण त्या रात्री जेवण गेलं नाही ताई. जिंदगीत पहिल्यांदा. बँकेतल्या साहेबाचं बोलणं याद आलं आन समजून गेली." पहाटे डोकं ठणकत होतं. डोकं दुखणाऱ्याला वर नेत नाहीत, म्हणून वाटाड्या तंबूतंबूपाशी येऊन विचारत होता, "माँजी, सिर में दर्द तो नहीं?" आणि खिंड समोर दिसत होती, आपल्या गल्लीच्या तोंडाएवढी.

"मग नाही म्हणायचं होतं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणतच होती. तोंडाशी आलं होतं." त्यांनी पोह्यांवरचं लिंबू पिळलं. "मंग म्हटलं, अख्खी जिंदगी लोकायले, खरं सांगा बाप्पा, खरं सांगा, म्हणत फिरली. आन माह्यावर पाळी आली तं? म्हटलं त्याले, हां बेटा, दुखून राहिलं, लई दुखून राहिलं. त्यानं एक माणूस सोबत दिला आन मले खाली पाठवलं."

कूलर घरघरत होता. खरं तर विषय बदलायला हवा होता, पण इतक्या वर्षांच्या सोयरिकीत त्यांची सवय मलाही लागली असावी. मी विचारलं, "विहीणबाई, वापस फिरताना शेवटचं मागं वळून पाहिलं, तेव्हा काय दिसलं?"

विहीणबाई चूप झाल्या. चमचा बशीत तसाच राहिला.

"आमची मंडळी," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "पांढऱ्याशुभ्र उतारावर काळे काळे ठिपके, ओळीनं वर जाऊन राहिले होते. सगळ्यात मागचा ठिपका थांबला आन त्यानं हात वर केला. कोण होतं काय माहीत. मले पाहून केला का घाम पुसला, तेबी माहीत नाही." जराशा हसल्या. "मीबी केला."

आता त्यांना फोन येतात. कुठून कुठून नंबर काढून पोरं-पोरी विचारतात, काकू, तुम्ही अर्ध्यातून परत आलात म्हणे, जरा सांगा ना. विहीणबाई सगळं तपशीलवार सांगतात, कूलरपासून जेवणापर्यंत. तो शेवटचा प्रश्न मात्र त्या पोरांना सुचत नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत.

त्या दिवशी पोहे संपले, "येते ताई" म्हणाल्या आणि नेहमीसारख्या तरातरा निघाल्या. मी नेहमीसारखी फाटकात उभी. गल्लीच्या वळणाशी पोचल्या आणि थांबल्या. वळल्या. ऊन इतकं होतं की चेहरा दिसत नव्हता, नुसती एक काळी आकृती. तिने हात वर केला.

मीही केला.