ब्लॉक घेताना बघायच्या गोष्टी

माझ्या पुतणीचा परवा पुण्याहून फोन आला. "काका, आम्ही फ्लॅट घेतोय. तुम्ही सोलापूरला एवढी वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होता. काय काय बघायचं ते सांगा ना. चांगले पॉइंट्स काढून द्या!"

मी कागद-पेन घेऊन बसलो. 'पाणी' लिहिलं आणि वरच्या नरसक्का आठवल्या. 'गच्ची' लिहिलं तर पापड आठवले. तासाभराने कागदावर चार शब्द, आणि मी एकटाच हसतोय! आमच्या सौ. म्हणाल्या, "पोरीला पॉइंट्स पाहिजेत, तुमच्याकडे नुसते किस्से आहेत."

खरंय. किस्से कोणी ठरवून साठवत नाही. एक डबा काढायला माळ्यावर चढावं आणि पाच-सहा अंगावर यावेत, तसं होतं. तर पोरी, पॉइंट्स तुझे तू काढ. मी डबे खाली देतो.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे फ्लॅट कोणी म्हणत नसे, 'ब्लॉक' म्हणायचे. आणि ब्लॉक विकत घेणाऱ्याकडे लोक जरा काळजीने बघायचे. माणसाने भाड्याने राहावं, नाहीतर प्लॉट घेऊन घर बांधावं. इमारतीतला एक तुकडा विकत घ्यायचा, हे काय? मी शाळेत शास्त्र शिकवायचो. प्लॉट झेपणारा नव्हता. सोलापुरात नवी पेठेपासून सायकलवर पंधरा मिनिटांवर तीन मजली, बारा ब्लॉकची बिल्डिंग होणार होती, तिथे तळमजल्यावर नाव घातलं.

बिल्डरला आम्ही शेठ म्हणायचो. शेठनी एका रविवारी सगळ्यांना जागेवर बोलावलं. बिल्डिंग कुठली! मोकळ्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या. "हा तुमचा हॉल, हे किचन."

नलिनीने, म्हणजे आमच्या सौ.नी, सायकलच्या कॅरियरवरची पिशवी सोडली. आतून निघाली परात! 'किचन'मध्ये तिने मांडी घातली, परात पुढ्यात घेतली आणि भाकरी थापल्यासारखे हात फिरवायला लागली. मला धरणी दुभंगावी असं झालं. तिचं उजवं कोपर रेघेच्या पलीकडे गेलं.

"शेठ, माझं कोपर शेजारच्यांच्या हॉलमध्ये जातंय."

"बाई, घर असं बघत नाहीत. नकाशात बघा. कागदावर सगळं बरोबर आहे."

"कागदावर भाकरी होत नाही, शेठ!"

सगळे हसले, शेठही हसले. तिथल्या तिथे रेघ नऊ इंच सरकली. वरच्या दोन्ही मजल्यांवरची स्वयंपाकघरंही त्या हिशोबाने ऐसपैस झाली. हॉल लहान झाला तो शेजारच्या कुलकर्ण्यांचा. ते रेल्वेत होते, त्या रविवारी ड्यूटीवर गेले होते.

जागेवर बोलावलं की जावं, पोरी!

*

राहायला गेलो आणि आठ दिवसांत पाण्याचं कळलं. पाणी यायचं सकाळी तासभर. आमचा नळ सगळ्यात खाली, त्यामुळे धो धो. वरच्या मजल्यावर नुसती फुसफुस.

वर राहायच्या नरसक्का गड्डम. तेलुगू, घरचा मागाचा धंदा, बाई अंगापिंडाने मजबूत. एका सकाळी दारावर थाप. उघडलं तर नरसक्का, दोन्ही हातांत घागरी आणि काखेत धुण्याची बादली. "नमस्कार मास्तर" म्हणून सरळ आमच्या मोरीत गेल्या आणि धुणं भिजवून बसल्या!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लेकीलाही घेऊन आल्या, तिचे केस धुवायचे होते. भांडण नाही, तक्रार नाही. नलिनीशी गप्पा मारत निवांत धुणं. माझी मात्र आंघोळ राहिली. शाळेची घंटा व्हायची वेळ आली. शेवटी मी बाहेरूनच विचारलं, "नरसक्का, हे असं किती दिवस?"

"आमचं पाणी रोज तुमच्याकडंच येतंय की मास्तर. म्हनून आमी पन येतो!"

त्या रविवारी सोसायटीची पहिली सभा झाली. खाली हौद, वर टाकी आणि बाराही घरांना सारखं पाणी, हा ठराव मीच मांडला. तळमजल्यावाल्याने मांडला म्हणून माझं फार कौतुक झालं. नरसक्कांनी फक्त घागर हलवून दाखवली.

घर बघायला दुपारी जाऊ नकोस. पाणी येतं त्या वेळेला जा.

*

बापू माने वरच्याच मजल्यावर राहायचे. कचेरीत कारकून, मूळचे सांगोल्याकडचे. दुष्काळाच्या वर्षी त्यांची आई गावाहून आली ती एका ट्रकमधून, बरोबर शेळी. "तिकडं पानी न्हाय की बाबा. बाकीची जितराबं इकली. हिला कशी इकू? नातवाला दूध व्हतंय." शेळी जिन्याखाली बांधली.

कुलकर्ण्यांनी लेखी तक्रार दिली. आम्ही पोटनियमांचं पुस्तक काढलं. सगळं इंग्रजी. चेअरमन होते पहिल्या मजल्यावरचे बसप्पा, दुधनीचे, आडतीचा धंदा. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. अप्पांनी पुस्तक उलटं-सुलटं केलं. "मास्तर, ह्याच्यात शेळी हाय का?"

"शब्द नाही, पण त्रासाबद्दल काहीतरी आहे."

"मग सभा लावा."

मी सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली आणि कणकेच्या खळीने जिन्याखालच्या फळीवर चिकटवली. संध्याकाळी शाळेतून आलो तर फळी स्वच्छ, आणि शेळी ओठ चाटतेय! दुसरी लावली. तीही गेली. खळीची चटकच लागली होती तिला.

सभेच्या दिवशी सगळे जमले. अप्पांनी विचारलं, "नोटीस कुटं हाय?"

"खाल्ली."

"कुनी?"

मी जिन्याखाली बोट दाखवलं.

"नोटीस न्हाय तर सभा न्हाय. नियम म्हंजे नियम!"

पहिल्यांदा हसले ते कुलकर्णीच. पुढे त्यांची धाकटी आजारी पडली, डॉक्टरांनी शेळीचं दूध द्यायला सांगितलं, आणि आजी न चुकता तांब्या घेऊन त्यांच्या दारात जाऊ लागली. विषय तसाच राहिला.

तिकडे पाऊस झाल्याचा निरोप आला तशी आजी निघाली. कुलकर्णी शेळीला मेथीच्या काड्या भरवत होते. म्हणाले, "आजी, पुढच्या वर्षी परत या हां."

"नगं रं लेकरा," आजी म्हणाली. "मी आले म्हंजी तिकडं पाऊस न्हाय. नगंच बोलवूस."

*

कुलकर्ण्यांचा हॉल आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, साडेचार इंची. त्यांनी शिंकलं तर नलिनी इकडून "जपा हो" म्हणायची. आमच्याकडे रेडिओ नव्हता, त्यांच्याकडे होता. सकाळच्या बातम्या संपल्या की मी सायकल काढायची, असं आमचं वेळापत्रक त्या भिंतीवर चालायचं.

कुणीतरी कुलकर्ण्यांना म्हणालं, तुमच्या रेडिओचा मास्तरांना त्रास होत असेल. भला माणूस! त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आवाज अगदी बारीक केला. दोन दिवस मी शाळेत उशिरा पोचलो. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी नलिनीने लाटणं घेतलं आणि भिंतीवर ठोकलं.

"भावजी! आवाज वाढवा! बातम्या अर्ध्याच येताहेत!"

पुढे त्यांची बदली झाली. ब्लॉक विकला, सामान टांग्यात चढलं. मी आत डोकावलो तर रेडिओ त्या भिंतीवरच्या फळीवर तसाच.

"कुलकर्णी, हा राहिला की!"

"राहू दे मास्तर. तो भिंतीचा आहे." असं म्हणून ते टांग्यात बसले, आणि पुढे एकदाही मागे वळून बघितलं नाही. का, ते मला कळलं.

भिंत किती इंची आहे ते बघच. पण पलीकडे कोण आहे तेही बघ.

*

आता गच्ची. उन्हाळा लागला आणि शेठचा ओव्हरसियर टेप घेऊन आला. वर आणखी एक मजला चढवायचा होता. आम्ही दचकलो. अहो, गच्ची आमची! तो म्हणाला, "जमीन अजून शेठच्याच नावावर आहे." ते खरंच होतं. आम्ही पुरुषमंडळी वकिलाकडे जायच्या गोष्टी करत बसलो.

बायका वर गेल्या. अप्पांच्या सौ. गौरव्वा, नरसक्का आणि नलिनी. ओव्हरसियर जिना चढून गेला तर गच्चीभर ज्वारीचे पापड! पाऊल ठेवायला जागा नाही.

"वाळू द्या," गौरव्वा म्हणाल्या. "आठ दिसांनी या."

आठ दिवसांनी कुरडया. मग शेवया. मग मिरच्या. मिरच्यांच्या दिवशी तो जिन्यातूनच शिंकत परतला. शेवटी शेठ स्वतः आले. त्यांना सावलीत बसवलं, चहा दिला, तळलेले पापड दिले. शेठ खाऊन म्हणाले, "ठीक आहे. पावसाळ्यात काय वाळवाल ते बघतो!"

गौरव्वा शांतपणे म्हणाल्या, "पावसाळ्यात तुमी कुटं बांधकाम करता?"

तो मजला काही झाला नाही.

*

पण जमिनीचं राहिलंच होतं. त्याचं काम केलं अप्पांच्या वडिलांनी, आम्ही त्यांना अज्जा म्हणायचो. ऐंशीच्या घरातले, पांढरा पटका, बोलणं अर्धं कानडी. मुलाचं नवं घर बघायला ते पहिल्यांदा दुधनीहून आले तेव्हा फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी विचारलं, "खाली कोन?"

अप्पा म्हणाले, "मास्तर."

"वर कोन?"

"गड्डम."

"मग तू काय घेतलंस रे बसू? मधलं वारं?"

अप्पांचं तोंड उतरलं. अज्जांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, जमिनीच्या उताऱ्यावर नाव कुनाचं हाय?"

"शेठचं. पण होईल की आपल्या नावावर. शेठ म्हणालेत."

"झालं का मी वर येतो."

आणि म्हातारा खरंच वर गेला नाही! फाटकाबाहेर लिंबाखाली एक दगड होता, त्यावर बसला. गौरव्वांनी चहा-भाकरी खाली आणली, नातवंडं खाली येऊन मांडीवर बसली, संध्याकाळच्या पॅसेंजरने तो परत गेला. मग हे दर महिन्याला. उन्हात, पावसात छत्री घेऊन, त्याच दगडावर. आमचे अप्पा रडवेले होऊन वडिलांना म्हणायचे, "अप्पाजी, लोक काय म्हनतील?" अज्जा म्हणायचे, "उतारा आन."

अप्पा आणि मी शेठच्या ऑफिसात खेटे घालायचो. "घाई काय आहे?" हे ठरलेलं उत्तर. असं पावणेदोन वर्षं चाललं.

तोवर शेठनी शेजारच्या प्लॉटवर दुसरी बिल्डिंग काढली. ब्लॉक बघायला गिऱ्हाइकं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "आजोबा, बाहेर का बसलात?" आणि अज्जा पहिल्यापासून सगळं सांगायचे. घाई तर त्यांनाही नव्हती!

एके दिवशी शेठच आमच्या दारात. घाम पुसत म्हणाले, "मास्तर, कागद करून टाकू. पण त्या म्हाताऱ्याला आधी आत न्या!"

नवा उतारा हातात आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अज्जा आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. दगडाशेजारी उभं राहून मी मोठ्याने वाचला. ते म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचला.

"ह्यात माझ्या बसूचं नाव कुटं हाय?"

"एकट्याचं नसतं अज्जा. सोसायटीचं आहे. म्हणजे बाराही घरांचं मिळून. जमीन, जिना, हौद, गच्ची, सगळं सगळ्यांचं."

त्यांनी मान वर करून बिल्डिंगकडे बघितलं. वर गॅलऱ्यांतून बायकापोरं खाली बघत होती. मग अज्जा फाटकापाशी आले आणि तिथेच, रस्त्यावर, त्यांनी वहाणा काढल्या.

अप्पा धावले. "अप्पाजी, हितं नको! पाय भाजतील. वहाणा वर काढायच्या, आपल्या दारात!"

अज्जांनी फाटक ढकललं, अनवाणी पाय आत टाकला आणि म्हणाले,

"घर हितनंच सुरू होतंय की रे."