बंद दाराच्या आत

माझी धाकटी बहीण बाळी अंतराळाच्या कादंबऱ्या लिहिते. म्हणजे कसं, टीव्हीवर एक गाजलेली मालिका होती, तिच्यातून दुसरी निघाली, आणि त्या दुसरीतल्या यानावरच्या लोकांच्या या गोष्टी. माणसं मालिका काढणाऱ्या कंपनीची, यानही कंपनीचं. कुणाला मारायचं नाही, कुणाचं लग्न लावायचं नाही, पुस्तक संपलं की सगळं जागच्या जागी. भाड्याच्या घरात राहायचं आणि भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही, तसलं लिहिणं!

एकच पात्र तिचं स्वतःचं. ठिणगी नावाची मेकॅनिक. आईबाप नसलेली, कुणाचं म्हणून ऐकून न घेणारी. बाळीने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. वाचकांना ती इतकी आवडली की कंपनीने तिला मालिकेतच घेतलं. बाळी हरखून गेली. आणि काल तिच्या पहिल्याच भागात ठिणगी इंजिनाच्या खोलीत शिरली, दार बंद झालं, बाहेरचे ओरडले, आणि धडाम्! खेळ खलास. माझा नुसता संताप झाला.

आज सकाळी संपादकाचा फोन आला. "याच प्रसंगावर कादंबरी हवी. ठिणगी मेलीच पाहिजे. तुम्हाला जमणार नसेल तर दुसरा लेखक तयार आहे. संध्याकाळी फोन करतो."

दिवसभर बाळी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा लावून बघत बसली. जेवलीसुद्धा नाही. आई गेली तेव्हाही ती अशीच बसली होती.

"नाही म्हणून सांग त्या मेल्यांना!" मी ओरडले, आणि तेवढ्यात फोन वाजला. बाळीने तो उचलला.

"लिहिते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, लाज नाही वाटत? स्वतःच्या हाताने मारणार तिला?"

"ताई, कॅमेरा दाराबाहेर होता. आत काय झालं ते कुणी दाखवलेलंच नाही. तेवढं माझं. दुसऱ्याने लिहिलं तर तो तिला तिथे एकटीला मरू देईल."

"मग आत कोण असणार?"

ती माझ्याकडे बघेना. "तिची मोठी बहीण. पण मग तीही त्या स्फोटातून वाचत नाही, ताई."

"भवाने, मला मारतेस होय!" अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळेच भरून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कसंबसं म्हटलं, "घाल मला आत."