जाळी नसलेलं मशीन

छापखान्यातले लोक त्यांना सातबोटे म्हणायचे आणि बाहेरच्यांना ते आडनावच वाटायचं. एकदा नळाच्या अर्जावर कारकुनाने तेच नाव लिहून टाकलं, तर यांनी खोडायला लावलं नाही. उजव्या हाताची मधली तीन बोटं बावीस वर्षांपूर्वी पंचिंग मशीनमध्ये गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. त्या दोघांत ते कप धरत, वर्तमानपत्र धरत आणि वेळ आलीच तर समोरच्याची कॉलरही धरत.

पंचिंग मशीनवर पुठ्ठ्याची खोकी कापतात. दोन लोखंडी पाट उघडतात आणि मिटतात. उघडले की पुठ्ठा सरकवायचा, मिटायच्या आत हात काढायचा. हात राहिलाच तर त्याला बाहेर ढकलायला पुढे एक जाळी असते. सातबोट्यांच्या अपघाताच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलेलं होतं आणि खाली त्यांची सही होती. ‘लक्ष कुठे होतं तुमचं?’ असं विचारत विचारतच त्यांची बायको गेली. एरवी हा माणूस कुणाचं ऐकून घेणारा नव्हता, पण या एका बाबतीत मिठाची गुळणी धरून बसायचा.

काम सुटल्यावर ते घरी बसून सुनेला भाजी कशी चिरावी ते शिकवायला लागले, तेव्हा तिनेच त्यांचं नाव वाचनालयातल्या शिबिरात घातलं. फोटो काढायचा, तो लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर उतरवायचा, कोरायचा आणि छापायचा, असं ते शिबिर. सगळ्यांना मुभा होती. ऐकू न येणारा शिंपी होता, चाकाच्या खुर्चीतली शिकवणीवाली होती आणि शेजारपाजारचे धडधाकट रिकामटेकडेही होते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, जरी त्या निम्म्या वर्गाच्या मुलीच्या वयाच्या होत्या. कागद, शाई, लिनो छापखान्याकडून येत होतं आणि शेवटचं प्रदर्शनही छापखान्याच्याच दर्शनी दालनात लागणार होतं.

ताईंचा एक नियम होता. फोटो जोडीने काढायचा. बटण दाबण्याआधी समोर काय दिसतंय ते जोडीदाराला सांगायचं आणि त्याच्या डोळ्यासमोर ते उभं राहीपर्यंत सांगत राहायचं. सातबोट्यांच्या वाट्याला ऑपरेटरबाई आल्या. जन्मापासून दिसत नव्हतं, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. गुळमुळीत बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे.

दोघं छापखान्यात गेले. दालनात जुनं पंचिंग मशीन शोभेला ठेवलं होतं, हिरवा रंग देऊन, पितळी पाटी लावून. सातबोटे त्याच्यासमोर उभे राहिले आणि सांगायला लागले.

“मशीन आहे. माझ्या खांद्याएवढं उंच. डावीकडे मोठं चाक. मध्ये दोन पाट, उघडे. पुढे जाळी.”

आणि ते थांबले.

“थांबलात का?” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“ही जाळी नव्हती.”

“म्हणजे आता नाहीये?”

“आता आहे. रंगवून बसवलीय. तेव्हा नव्हती. जाळी असली की हात जरा थांबतो, माल कमी निघतो. म्हणून मॅनेजरने काढून कोपऱ्यात टाकली होती. आठ महिने तशीच पडून होती.”

हे वाक्य त्यांनी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑपरेटरबाईंनी काही हळहळ व्यक्त केली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मग मी कुठलं मशीन बघू? जाळीचं की बिनजाळीचं?”

सातबोट्यांनी फोटो काढला. फोटोत अर्थातच जाळी आली. कॅमेऱ्याला काय, समोर ठेवाल ते तो मुकाट्याने घेतो.

पुढचे तीन आठवडे ते डाव्या हाताने लिनो कोरत बसले. उजव्या अंगठ्याने आणि करंगळीने तुकडा दाबून धरायचा आणि डाव्या हातातली कोरणी हळूहळू पुढे सारायची. जे कोराल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं छापतं. चाक झालं, पाट झाले, नटबोल्टसुद्धा झाले. जाळीपाशी आल्यावर त्यांनी रुंद कोरणी घेतली आणि जाळी होती तेवढा चौकोन तळापर्यंत साफ खरवडून काढला.

ताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “काका, इथे हात घसरला का? एकदा कापलेलं परत येत नाही हो.”

“बोटांचंही तसंच आहे,” सातबोटे म्हणाले.

ऑपरेटरबाईंनी तुकड्यावरून बोटं फिरवली. चाक ओळखलं, पाट ओळखले. मग बोटं त्या चौकोनात उतरली आणि तिथेच राहिली. “आता दिसलं,” त्या म्हणाल्या.

छापलेला कागद उचलला तेव्हा सगळा वर्ग भोवती जमला. काळंभोर मशीन आणि त्याच्या ऐन तोंडावर पांढरा चौकोन. काहीतरी नाही, हे पोरासोरालाही कळलं असतं. प्रदर्शनाची चित्रं निवडायला छापखान्याचे मॅनेजर आले, त्यांना तर लगेच कळलं. बावीस वर्षांपूर्वीचेच मॅनेजर ते, फक्त केस तेवढे पांढरे झालेले. त्यांनी मूळ फोटो मागवला.

“फोटोत जाळी आहे. चित्रात नाही. म्हणजे चित्र खोटं,” ते ताईंना म्हणाले. “यांना दुसरं काढू द्या. एखादं फूल वगैरे.”

“फूल माझ्या हातावर पडलं नव्हतं,” सातबोटे म्हणाले.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो तोंड पाडूनच. तो त्याच छापखान्यात सुपरवायझर होता आणि मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं.

“बाबा, हे काय नवीन काढलंत? सही तुम्हीच केली होती ना?”

“डाव्या हाताने. इस्पितळात, गुंगीत. तोवर डाव्या हाताने मी कधी साधी रेघ ओढली नव्हती. त्या सहीवर पोस्टातून पार्सलसुद्धा कुणी दिलं नसतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? आईलासुद्धा?”

सातबोट्यांनी सुनेकडे पाहिलं. ती आत गेली नाही, उलट गॅस बारीक करून उभी राहिली. मग त्यांनी सांगून टाकलं. “तू दहा वर्षांचा होतास. मॅनेजर खाटेपाशी बसून म्हणाला, सही करा, मुलगा मोठा झाला की त्याला घेऊ. मी सही केली. त्याने शब्द पाळला, एवढं मात्र खरं.”

आपण आपल्या हुशारीवर लागलो असंच मुलाला आजवर वाटत आलं होतं. “म्हणजे माझी नोकरी तुमच्या तीन बोटांची,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि आता ती घालवायला निघालात.”

“मी चित्र छापायला निघालोय. नोकरी तुझी तू बघ. बावीस वर्षं मी बेफिकीर माणूस म्हणून जगलो. तसा मरणार नाही.”

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात सगळी चित्रं लागली, त्यांचं सोडून. ताईंनी रडवेल्या होऊन सांगितलं की जागा छापखान्याची आहे, आपला नाइलाज आहे. सातबोट्यांनी त्यांची समजूत घातली, कारण त्यांना खरंच राग आला नव्हता. छापखान्याचं गेट आणि रस्ता यांच्यामध्ये पंक्चरवाल्याचं टेबल होतं. ते त्यांनी मागून घेतलं आणि लिनो, शाई, रोलर आणि कागदाचा गठ्ठा घेऊन बसले. एका हाताने कागद सरळ बसत नाही, म्हणून ऑपरेटरबाई शेजारी बसल्या. कडा चाचपून त्या कागद ठेवायच्या, हे चमच्याच्या पाठीने घासायचे, मग दोघं मिळून उचलायचे. शिंपी ते दोरीवर वाळत घालत होता. पाळी सुटली तसे कामगार थांबू लागले. चित्र हातात घ्यायचे, पांढऱ्या चौकोनाकडे बघायचे आणि घडी न घालता घेऊन जायचे.

थोड्या वेळाने आतून मुलगा आला. त्याला मॅनेजरने पाठवलं होतं, हे सांगायची गरज नव्हती.

“बाबा, उठा. सगळ्यांसमोर तमाशा नको.”

“तमाशा आत चाललाय. पितळी पाटी लावून.” त्यांनी ताजा कागद उचलून त्याच्यापुढे धरला. शाई ओली होती.

मुलाने तो घेतला नाही, नुसता बघत राहिला. आतून दोन चालू पंचिंग मशीनचे ठोके गेटपर्यंत ऐकू येत होते. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “दोन नंबरच्या मशीनला आजही जाळी नाही.”

“कुणी काढली?”

“मी.” त्याने मान वर केली नाही. “ऑर्डर मोठी होती. मॅनेजर म्हणाले, चार दिवसांसाठी काढ. तीन महिने झाले.”

पोराला दोन थोबाडीत द्याव्यात असं सातबोट्यांना वाटलं आणि पोटाशी धरावं असंही वाटलं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही.

“त्याच्यावर आत्ता कोण आहे?”

“नवीनच लागलाय. महिनाही झाला नसेल.”

“मग इथे माझ्याशी काय बोलत बसलायस?”

मुलगा वळला आणि गेटमधून आत गेला. आधी चालत गेला, मग पळत. सातबोट्यांनी कागद शिंप्याकडे दिला आणि रोलरला शाई लावायला घेतली, पण रोलर काही पुढे सरकेना. ऑपरेटरबाई मान तिरकी करून ऐकत बसल्या होत्या.

“दोन ठोके होते ना मघापासून,” त्या म्हणाल्या. “आता एकच येतोय. पोराने दुसरं बंद केलं.”