हळदीकुंकवाचा पाव

नोकरीत होतो तोवर स्वयंपाकघरात माझं काम एकच होतं, वाढलेलं ताट पुढे ओढायचं. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन केशोरीला घरी बसलो, तेव्हाही त्यात फरक पडला नाही. मग डिसेंबरात एके दिवशी बायको लाखोरीची भाजी खुडायला धानाच्या बांधीत गेली, शेताच्या उंच धुऱ्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. गोंदियाच्या दवाखान्यात दोन दिवस राहिलो. सहा आठवड्यांसाठी हात प्लास्टरात गेला.

दवाखान्यात सकाळी दुधासोबत ताजा पाव मिळायचा. तिला तो फारच आवडला. घरी आल्यावर मी कसाबसा शिजवलेला वरणभात ती मुकाट्याने जेवायची आणि मग विचारायची, "तसा पाव भेटन का जी कुठी?" गावातल्या दुकानात पाव मिळतो, पण इथे पोचेपर्यंत तो शिळा झालेला असतो. मी आणलेला पाव तिने दाबून पाहिला आणि बशीत परत ठेवला.

"मग मीच करतो," मी म्हणालो.

ती इतकी हसली, की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरून धरावा लागला.

शेजारच्या वहिनी त्या दिवसांत रोज आमच्यासाठी पोळ्या आणून देत. त्यांच्या कानावर हे गेलं. "मास्तर, पोळी येत नाही अन् पाव कायले करून राहिले?" त्यांनी अंगणातूनच विचारलं. पण एकदा बोलून बसलो होतो.

हात दाखवायला पुन्हा गोंदियाला गेलो, तेव्हा बाजारातून मैदा आणि दाणेदार यीस्टची पुडी आणली. दुकानदाराने पुडी हातात देताना बजावलं, "मास्टरजी, ये जिंदा चीज है. गुनगुने पानी में घोलना." कोमट सांगितलं होतं, पण थंडीचे दिवस, जिवंत वस्तू, म्हणून मी पाणी चांगलं कढत घेतलं. यीस्ट त्यातच मेलं. दुपारपर्यंत डब्यातला गोळा जसाच्या तसा बसून होता. तो भाजला तेव्हा त्याची जाड, चिवट चकती झाली. गाईने ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या वेळी पाण्यात बोट घालून पाहिलं. बोटाला ऊन लागेल न लागेल इतकंच कोमट. चमचाभर साखर, वर यीस्ट. दहा मिनिटांत पेल्यावर फेस चढला. मला वर्गात पहिल्यांदा धडा वाचून दाखवणाऱ्या पोराकडे बघताना व्हायचा तसा आनंद झाला. मैदा, मीठ, तेल घालून मळायला बसलो. पाच मिनिटांत मनगटं भरून आली, मी थांबलो.

"मळा," खाटेवरून बायको म्हणाली.

"झालं ना."

"कायचं झालं? आना इकडं."

मी परात तिच्यापुढे धरली. तिने डाव्या हाताच्या बोटाने गोळा दाबला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "हा वर आला पायजे. मळा." मी आणखी पंधरा मिनिटं मळलं. हातांना चिकटणारं ते पीठ हळूहळू सुटत गेलं, गुळगुळीत झालं आणि बोट दाबलं की परत वर येऊ लागलं. चाळीस वर्षं ही बाई रोज हेच करत होती आणि मी कधी बघितलंही नव्हतं.

पण थंडीने पीठ काही फुगेना. तिनेच मग विचारलं, "थंडीत दह्याचा गंज आपन कुठी ठेवतो?" धानाच्या कोठीत, उबेला! पिठाचा डबा फडक्यात गुंडाळून मी कोठीतल्या धानात गळ्यापर्यंत पुरला. दोन तासांनी पाहतो तर पिठाने झाकण वर उचललं होतं. "अगं, चढलं! चढलं!" असा ओरडलो की वहिनी काही झालं की काय म्हणून धावत आल्या.

आता भाजायचं. भट्टी कुठली आमच्याकडे? मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती घालून तो चुलीवर चढवला, त्यात पावाचा डबा, गंजावर परात, परातीत निखारे. पाव वरून कच्चा राहिला आणि खालून कोळसा झाला. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कायले त्रास करून घेता, मास्तर," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दुपारी मी अंगणात बसून होतो. छप्पर बदललं तेव्हाची जुनी कवेलं भिंतीला लावून ठेवलेली होती. एकदम सुचलं. आणखी एकदा पीठ मळून कोठीत फुगवलं. दोन फुटकी कवेलं रेतीवर उपडी ठेवली, म्हणजे डबा रेतीपासून वर राहील. चुलीतला जाळ कमी केला, परातीवरचे निखारे वाढवले. ही युक्ती मात्र माझी होती, तिने सांगितलेली नाही. पाऊण तासाने परात उचलली. पाव तपकिरी, फुगलेला, आणि वास असा की मी डब्यावर वाकून तो भरभरून घेतला. डबा उपडा करून पावाच्या बुडाला टिचकी मारली. रिकाम्या मडक्यासारखा आवाज आला.

बायकोने तुकडा तोडला, वाफ निघाली. ती चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"दवाखान्यातला याच्यापुढं काईच नाई," ती म्हणाली.

संक्रांत आली. दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकवाला पंचवीसेक बाया येतात आणि तिच्या हातचं खाऊन जातात. या वर्षी तिने नको म्हटलं. एका हाताने काय करणार?

"पाव करतो ना मी. वर तीळ लावतो."

"हळदीकुंकवाले पाव? लोक हासतीन जी!"

"हासू दे."

पहाटेपासून लागलो. चार गोळे, चारही कोठीत. वहिनींची चूलही मागून घेतली, दोन गंज दोन चुलींवर. वहिनी स्वतः निखारे सरकवत होत्या, पण तोंड वाकडं करूनच. एका डब्यातलं पीठ जास्त फुगून बाहेर वाहिलं, ते कापून मी त्याचे छोटे लाडूपाव केले. दुपारी चारच्या सुमारास चार मोठे पाव फडक्यावर मांडले होते, वर तीळ चमकत होते. पहिला मी सुरीने कापला. आत बारीक, सारखी जाळी.

बाया आल्या. बायको डाव्या हाताने कुंकू लावत होती. मी स्वयंपाकघरात दाराआड उभा. बाहेर आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं, आणि मग सगळ्या गप्प झाल्या, कारण सगळ्यांची तोंडं भरली होती. थोड्या वेळाने एकीने विचारलं, "कुठून आनला, बाई? गोंदियाहून?"

"गोंदियाहून कायले? यायनं केला घरी," बायको म्हणाली. तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. आमच्या लग्नानंतर इतक्या अभिमानाने ती माझ्याबद्दल चारचौघांत बोललेली मला आठवत नाही.

"मी निखारे सरकवले!" वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

"गुरुजी, बाहेर या!" कोणीतरी हाक मारली. त्यांतल्या निम्म्या माझ्याच शाळेत शिकलेल्या. कोपरापर्यंत पीठ लागलेला मी बाहेर आलो, तर बाया टाळ्या वाजवत होत्या. एकीने पदराच्या टोकात पावाचा तुकडा बांधून घेतला होता, नवऱ्याला दाखवायला. "त्यालेई शिकवा, गुरुजी," ती म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

चारही मोठे पाव संपले. बाया गेल्यावर बायकोने उरलेले दोन लाडूपाव पुढे ओढले, एक मला दिला. दोघं ओसरीवर बसून सावकाश खाल्ले. माझे खांदे दुखत होते, हाताला दोन ठिकाणी चटके बसले होते, आणि मी गुणगुणत होतो. एरवी ती मला लगेच गप्प करते; आज बघत होती, पण थांबा म्हणाली नाही.